गूळ वाहणारी गाढवं

गाढवांना कुणी काही विचारत नसे आणि गाढवंही कुणाला काही विचारत नसत, त्या काळातली ही गोष्ट. गुऱ्हाळावरून बाजारापर्यंत गुळाच्या ढेपा वाहायचं काम दाजीबा नावाच्या म्हाताऱ्या गाढवाकडे आणि त्याच्या नातवाकडे, तांबूकडे होतं. बदल्यात दोघांना उसाची वाळकी चिपाडं मिळायची.

एकदा घाटात तांबू थांबला. "आजोबा, मला गूळ खायचाय."

"गाढवाला गुळाची चव काय?" दाजीबा म्हणाला. "माझा बाप हेच सांगायचा, त्याचा बापही."

"त्यांनी खाल्ला होता?"

"छे. चव कळत नाही, तर खायचा कशाला?"

"खाल्लाच नाही, तर कळत नाही हे कळलं कसं?"

"फार शहाणा झालास. वाडवडील काय खुळे होते?"

तांबूने म्हाताऱ्याच्या पाठीवरचं पोतं दातांनी फाडलं. एक ढेप खाली पडून फुटली. त्याने स्वतः गूळ खाल्ला आणि एक खडा दाजीबापुढे ढकलला. "आता बोला."

दाजीबाने शिव्या घालतच खडा तोंडात धरला. बराच वेळ चघळत राहिला.

"गोड आहे," तो शेवटी म्हणाला. "म्हणूनच गुऱ्हाळवाल्यांनी ती म्हण केली असणार."

"त्यांनी केली, त्यांचा गूळ वाचला. तुम्ही मला का शिकवलीत?"

तांबूने अंग झटकून आपल्या पाठीवरच्या ढेपा पाडल्या आणि तो डोंगराकडे निघून गेला. म्हातारा तोंडातली चव घोळवत तिथेच उभा राहिला, पाठीवर उरलेलं ओझं घेऊन.