करंजपूरच्या नाट्यगृहातली पहिली टाळी

करंजपूरचे नाट्यगृह बघायला आलेला माणूस एकदा तरी वाकून खाली बघतोच. बाहेरून इमारत चार नाट्यगृहांसारखीच आहे. दगडी जोते, कमानी, तिकीटखिडकी, भिंतीवर ‘येथे थुंकू नये’ अशी पाटी आणि नेमक्या त्या पाटीवरच पिचकाऱ्या. पण पडदा वर गेला की रंगमंचावर फळ्या दिसत नाहीत. आखाड्यात असते तशी तांबडी माती दिसते. मध्यंतरी नगरपालिकेने सागवानी फळ्या बसवायचा ठराव आणला होता, तो गावाने हाणून पाडला. हे असे का, म्हणून पाहुण्यांनी विचारले, की कट्ट्यावरची जुनी माणसे सरकून जागा करून देतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी इथे एक लहानसे संस्थान होते. बाजाराला येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीकडून एक पट्टी घेतली जायची. कुस्त्यांसाठी दगडी पायऱ्यांचे पक्के मैदान बांधायचे, म्हणून ती मैदानपट्टी. तालमीचे वस्ताद होते सातगोंडा. त्यांनी लग्न केले नव्हते, तालमीतले पठ्ठे हीच त्यांची मुलेबाळे. त्या मैदानाची एकेक पायरी त्यांनी मनात बांधून ठेवली होती, असे सांगतात.

तेवढ्यात संस्थानिक कुठेतरी पाहुणे म्हणून गेले, तिथे नाटक बघून आले आणि नाटकवेडे झाले. दरबारात हुकूम निघाला की जमलेल्या पट्टीतून नाट्यगृह बांधायचे, आणि तेही कुस्त्यांच्याच जागेवर. वस्ताद तडक कारभाऱ्यांकडे गेले.

“पट्टी कुस्तीची, जागा कुस्तीची, आन् नाचायचं नाटकवाल्यांनी?”

कारभारी शांतपणे म्हणाले, “वस्ताद, पट्टी साऱ्या रयतेची आहे. नाटक बायकामाणसांनाही बघता येईल. तुमच्या मैदानात कधी एक बाई येऊन बसली आहे का?”

बोलणे खरे होते, आणि तेच वस्तादांना जास्त झोंबले. सगळ्यांदेखत ते म्हणाले, “त्या जागेवर नाटकाला टाळी पडली, तर हा सातगोंडा लंगोट खुंटीला टांगील. पुन्हा म्हणून आखाड्यात उतरणार न्हाई.”

भिंती चढू लागल्या तसा वस्तादांचा जळफळाट वाढत गेला. कालपर्यंत नदीवर शड्डू ठोकणारी पोरे आता नाटकातली पदे म्हणत पोहू लागली. बाजारात वस्तादांना रामराम घालणारे लोक थांबून गवंड्याला विचारू लागले, पडदा कधी लागणार? त्यात कहर झाला तो कृष्णातचा. कृष्णात म्हणजे वस्तादांचा सगळ्यात लाडका पठ्ठा. हातातोंडाशी आलेला हा मल्ल गोड गळ्यापायी नाटक मंडळीत गेला, आणि तोही राणीचे काम करायला! वस्तादांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी तालमीत त्याचे नाव काढायला बंदी केली आणि मग स्वतःच दिवसभर त्याला शिव्या घालत बसले.

पुढे पट्टीचा पैसा संपला. भिंती झाल्या, छप्पर झाले, पण रंगमंचाच्या जागी नुसता खड्डा राहिला. कारभाऱ्यांनी घरोघर थोडी थोडी वर्गणी मागितली, तेव्हा वस्ताद त्यांच्या आधी घरोघर जाऊन आले होते. कुणी दमडी दिली नाही. वस्तादांनी तालमीत साखर वाटली.

पण नाटकाचा दिवस ठरलेला, आसपासच्या सरदारांना आमंत्रणे गेलेली. कारभारी हवालदिल होऊन बसले असताना वस्ताद आपण होऊन त्यांच्यापुढे उभे राहिले. म्हणाले, “खड्डा माझे पठ्ठे भरतील. फुकट.”

गाव थक्क झाले. वस्तादांचे मन केवढे मोठे, असे जो तो म्हणू लागला. वस्तादांच्या मनात काय होते ते वस्तादांनाच ठाऊक. त्यांनी तालमीतली मुरलेली माती आणवली, तिच्यात तेल, ताक आणि हळद घालून ती खोल खणली आणि वरून हात फिरवून गुळगुळीत केली. दिसायला घट्ट, पण पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. जरीचे शेले आणि शालू सावरत येणारे नट पहिल्या प्रवेशातच कोलमडतील, गाव पोट धरून हसेल आणि पुन्हा नाटकाचे नाव काढणार नाही, असा तो डाव होता. तीन पिढ्यांची माती त्यांनी हेव्यापोटी दुसऱ्याच्या अंगणात ओतली.

खेळाच्या दिवशी सारे गाव लोटले. बायका एका बाजूला दाटीने बसल्या होत्या. वस्ताद सगळ्यांत पुढे, मिशीला पीळ देत. पडदा वर गेला. दारात राणी उभी, म्हणजे कृष्णात. लढाईवरून परतलेला राजा ऐटीत आत आला आणि तिसऱ्या पावलाला तोंडावर आपटला. फेटा एकीकडे, तलवार दुसरीकडे. हशा लोकांच्या ओठांवर आला होता.

पण माती खणली तेव्हा वस्ताद एक गोष्ट विसरले होते. त्या मातीत पाऊल कसे टाकायचे, हे कृष्णातला त्यांनीच शिकवले होते. शालू नेसलेला तो पठ्ठा पाण्यावरून यावे तसा आला, राजाच्या काखेत हात घालून एका झटक्यात त्याला उभे केले, आणि नाटकात नसलेले वाक्य बोलला, “रणात कधी न पडलेले माझे स्वामी घराच्या दारात पडले. एवढी का ओढ होती हो माझी?”

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ओठांवरचा हशा तिथेच विरला, आणि एक दणदणीत टाळी पडली. “शाब्बास, पठ्ठ्या!”

लोकांनी वळून बघितले. टाळी वस्तादांची होती. ती वाजल्यावर, म्हणे, ते आपल्याच हातांकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

खेळ संपल्यावर कृष्णात रंग न पुसताच पाया पडायला आला. वस्तादांनी पाय मागे घेतले नाहीत. म्हणाले, “तू ग्येलास याचं दुःख न्हाई रं. लोक तुला वाहवा म्हनत हुते, ते माझ्या डोळ्यांत खुपलं. मला वाटायचं, ती सगळी माझी हाय.”

“मग कुनाची हाय?” कृष्णात म्हणाला. “पाऊल तुमचंच टाकलं की मी.”

वस्तादांनी शब्द पाळला. घरी जाऊन लंगोट खुंटीला टांगला आणि पुन्हा आखाड्यात उतरले नाहीत. पण रंगमंच म्हणजे काही आखाडा नव्हे. मरेपर्यंत दर खेळाआधी ते येत आणि तिथली माती स्वतः खणून, चाळून देत. सागवानी फळ्यांसाठी पुढे पैसा जमला, तो गावाने दुसऱ्या जागेवर वस्तादांच्या मैदानाच्या पायऱ्या बांधायला दिला, असे सांगतात.

हेवा मात्र एका दिवसात जात नाही, तो तालमीत वारशाने आला. आजही करंजपुरात कितीही मोठा नट येवो, तालमीच्या वस्तादाने टाळी वाजवल्याशिवाय कुणी हात हलवत नाही. तो पहिल्या रांगेत मधोमध बसतो. खेळ रंगला की मुद्दाम दोन्ही हात मांडीखाली दाबून धरतो. वर नट घामाघूम, मागे सारे गाव श्वास रोखून. आणि बसल्या जागी त्या हातांची चुळबुळ सुरू झालेली पहिल्यांदा दिसते ती बाजूला बसलेल्या बायकांना.