गाठ न मारलेला दोरा

आगबोटी यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. समुद्रकाठच्या एका गावात एक शिडवाला राहत होता. गलबतांची शिडं शिवायची, हा त्याचा धंदा. सगळं गाव त्याला अण्णा म्हणायचं. माणूस कामाला असा चोख, की त्याच्या हातचं शीड डोलकाठीवर चढलं की गलबताचा तांडेल निर्धास्तपणे सुकाणू धरायचा.

आता शीड म्हणजे काही अंगरखा नव्हे, उसवला तर वरून उपरणं घेतलं आणि झाकलं! भर समुद्रात, वारा भरलेला असताना शिवण सुटली तर गलबत खडकावर जातं आणि माणसं घरी येत नाहीत. अण्णाला या गोष्टीची फार धास्ती. शीड देऊन झालं तरी गलबत परत येईपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

पुढे बंदर वाढलं, गलबतं वाढली. नारळी पौर्णिमा झाली की सगळ्यांना समुद्रात जायची घाई, आणि सगळ्यांना शिडं एकदमच हवी. एकट्या माणसाने किती शिवावं? शेवटी अण्णाने ठरवलं की कापडाचे पट्टे आपण कापायचे आणि जोडायला बाहेर द्यायचे. गावातल्या माणसांनी आपापल्या घरी शिवावं, झालं की आणून द्यावं.

काम मागायला पहिल्यांदा आला तो एक तरणाबांड गडी. आल्या आल्या विचारतो, "टाका केवढा घालू? दोऱ्याला मेण लावायचं का? जोडावर शिवण एकदा की दोनदा?"

अण्णा वैतागला. "बाबा रे, मला श्वास घ्यायला फुरसत नाही आणि तुला शिकवत बसू? जा, दुसरीकडे बघ."

गेला बिचारा. मग अण्णाने माणसं निवडली ती कशी? तर खाली मान घालून कापड उचलतील, काही विचारणार नाहीत आणि उलट बोलणार नाहीत अशी. आपल्याला वाटतं ना, गप्प माणूस म्हणजे सुखाचा माणूस! अण्णालाही तसंच वाटलं.

त्यांतली एक होती भागाबाई. तिचा नवरा समुद्रातच बुडून गेलेला, घरात म्हातारी सासू, आणि हातात सुई. कामाची तिला गरज होती आणि हातही चांगला होता. तिने पहिलं शीड जोडून आणलं, अण्णाने ते पडवीत पसरलं, आणि एका जोडावर त्याला टाके जरा तिरके गेलेले दिसले.

खरं म्हणजे तेव्हाच तिला हाक मारायची होती. "भागाबाई, हे बघ, इथे हात वळला," एवढंच म्हणायचं. पण अण्णाने मनाशी विचार केला, 'सांगा, समजवा, तिने पुन्हा करायचं, पुन्हा आपण बघायचं, कोण एवढा उपद्व्याप करणार? त्यापेक्षा आपणच करून टाकू.' भागाबाई अंगणातून बाहेर पडली, तशी याने पातळ सुरी घेतली आणि तो जोड उसवला. मग शेजारचाही उसवला. मग म्हणाला, आता एवढं केलंच आहे तर सगळंच करू. आणि सगळं शीड नव्याने शिवलं.

तेव्हापासून तीच रीत पडली. बाहेरून शिवून आलेलं प्रत्येक शीड अण्णा उसवायचा आणि पुन्हा शिवायचा. भागाबाईचं असो नाहीतर आणखी कुणाचं. कुणाला बोलायचा नाही, कुणावर रागवायचा नाही. शीड आलं की "ठेव तिथे" म्हणायचा, बस्स.

बायको बघायची आणि कपाळाला हात लावायची. "अहो, काम बाहेर दिलंय ना? मग बोटं तुमचीच का सोलून निघतायत? ताटातला भात गार होऊन गेला!"

"अगं, त्यांना कुठे जमतंय?"

"त्यांना सांगितलंत का कधी, काय जमत नाही ते?"

"सांगायला वेळ आहे कुणाला?" असं म्हणून अण्णा पुन्हा सुरी हातात घ्यायचा. काय बोलायचं अशा माणसाला! पूर्वी तो एकदा शिवायचा. आता आधी उसवायचा आणि मग शिवायचा. डोळे चुरचुरायचे, पाठ धरायची, जेवताना घास हातातून गळायचा. मदतीला माणसं आली आणि काम दुप्पट झालं, पण हे त्याच्या ध्यानातच येत नव्हतं. एकच गोष्ट हळूहळू सोपी झाली होती. उसवणं भराभर व्हायला लागलं होतं. टोकाला सुरी लावली की दोरा सरसर निघायचा. अण्णाला वाटलं, चला, निदान यात तरी आपला हात बसला.

अशातच एके दिवशी सकाळी झिलू तांडेल दारात आला. झिलू म्हणजे अण्णाचा लहानपणापासूनचा सोबती.

"अण्णा, शीड दे. वारा झकास सुटलाय. आज निघालो तर उद्या पलीकडच्या बंदरात."

"अरे, अजून माझं व्हायचंय," अण्णा म्हणाला. भागाबाईने आणलेलं शीड पडवीत तसंच पडलं होतं.

"शिवून तर झालेलं दिसतंय की! गडी खोळंबलेत, वारा काही माझ्या घरचा नाही."

अण्णाने सुरी घेतली खरी, पण हात उचलेना. अंगात त्राणच उरलं नव्हतं. त्याने शिडावरून तळवा फिरवला. टाके सरळ होते, बारीक होते, एकसारखे होते. कित्येक दिवसांत प्रथमच तो नुसतं बघत होता. 'चांगलं शिवलंय की बाईने,' तो मनात म्हणाला. 'आजच्या दिवस राहू दे.' आणि त्याने शीड झिलूच्या खांद्यावर ठेवलं.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने दुसऱ्याच्या शिवणीवर विश्वास टाकला. पण ज्या बाईवर टाकला तिला काही ते सांगितलं नाही.

बंदराबाहेरचं टोक ओलांडलं आणि वाऱ्याने शीड टम्म फुगवलं. मग एका जोडाचा दोरा सुटला आणि भराभरा निघतच गेला. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. बघता बघता शिडाचे पट्टे वेगळे होऊन फडफडायला लागले. गलबत आडवं झालं आणि खडकावर आदळलं. देवाची कृपा, किनारा जवळ होता, गडी पोहत आले. पण झिलूचा पाय गलबत आणि खडक यांच्यामध्ये सापडला आणि गुडघ्यापासून पार चुरडला. वैद्याने सांगितलं, जीव वाचला हेच खूप, पण हा माणूस आता सुकाणूपाशी उभा राहायचा नाही.

अण्णाला कळलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. वाहून आलेला एक पट्टा उचलून तो तडक भागाबाईच्या दारात गेला. दारातूनच तो संतापाने ओरडला.

"भागाबाई! काय केलंस हे? दोऱ्याच्या टोकाला गाठ नाही! एकाही जोडाला नाही!"

भागाबाई उठून उभी राहिली. पट्टा बघून ती पांढरीफटक पडली. "हे... हे समुद्रावर गेलं? तुम्ही उसवलं नाहीत?"

"म्हणजे?"

"अण्णा, तुम्ही माझं सगळं शिवलेलं उसवता, हे मला ठाऊक होतं. तुमच्या अंगणात माझ्या दोऱ्याचे ढीग पडलेले मी बघितलेत. आधी खूप रडले. मग म्हटलं, आणखी चांगलं शिवावं. डोळ्यांत तेल घालून शिवलं. तेही तुम्ही उसवलंत. आपलं काय चुकतंय तेच कळेना, आणि विचारायची छाती होईना. विचारणाऱ्याला तुम्ही कसं परत पाठवलंत ते साऱ्या गावाला माहीत आहे."

"म्हणून गाठ मारायची सोडलीस?"

"एकदा तुमची बोटं बघितली, अण्णा. रक्त येत होतं. माझ्या गाठी कापता कापता आलेलं. तुम्ही उसवणारच, तर निदान तुम्हाला त्रास तरी कमी व्हावा, म्हणून टोकं मोकळी ठेवायला लागले. एक टोक ओढलं की दोरा निघावा." तिचे डोळे भरून आले. "माझा माणूस समुद्रातच गेला हो. हे शीड असंच डोलकाठीवर चढणार आहे, एवढं जरी सांगितलं असतंत, तर मी एक तरी गाठ मारायची सोडली असती का?"

अण्णा मटकन उंबऱ्यावर बसला. संताप कुठल्या कुठे गेला. नुसता थकवा उरला, आणि तो काही आजचा नव्हता.

संध्याकाळी झिलूच्या अंगणात माणसं जमली. झिलू बाजेवर पडून होता, पाय फडक्यात गुंडाळलेला. गलबताचा मालक तणतणत होता. "अण्णा, शिडं तू बाहेर देतोस हे आम्हाला ठाऊक आहे. शिवणारा कोण, त्याचं नाव सांग. या बंदरात त्या हाताला पुन्हा काम मिळणार नाही!"

भागाबाई कुंपणाशी उभी होती. तिने पदर घट्ट धरला. अण्णाने फक्त नाव घ्यायचं होतं. नाव घेतलं की त्याचा धंदा वाचत होता, आणि तिची चूल विझत होती.

अण्णा सावकाश उठला. "शिवलं भागाबाईने," तो म्हणाला. अंगणात कुजबुज झाली. "थांबा, पुढचं ऐका. तिचं प्रत्येक शीड मी गुपचूप उसवून पुन्हा शिवत होतो. काय चुकतं ते तिला एका शब्दाने सांगितलं नाही. शेवटची जबाबदारी आपली नाही, हे मीच तिला शिकवलं. आज सकाळी मी दमलो होतो म्हणून शीड तसंच दिलं, आणि तेही तिला कळवलं नाही. काम काढून घ्यायचं तर माझं घ्या."

मालकाने घेतलंही. आपल्या सगळ्या गलबतांची शिडं दुसऱ्या गावाहून आणीन, असं तिथल्या तिथे सांगून तो निघून गेला.

अंगण रिकामं झालं तरी अण्णा तिथेच उभा होता. झिलूने एखादी शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण झिलू हळूच म्हणाला, "अण्णा, मी शीड चढवायच्या आधी प्रत्येक जोड ओढून बघतो रे. फक्त तुझं शीड असलं की बघत नाही."

अण्णा बाजेचा पाय धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

त्यानंतर अण्णाकडे थोडीच कामं उरली, लहानसहान होड्यांची. त्यांतलंच एक शीड भागाबाईने आणून पडवीत पसरलं. एक जोड जरा वाकडा गेला होता. अण्णाचा हात सवयीने सुरीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"भागाबाई," त्याने हाक मारली, "जरा इकडे ये. हे बघ, इथे कापड ओढलं गेलंय. आणि हे शीड मी उसवणार नाही. तू देशील तसंच ते समुद्रावर जाणार."

भागाबाई खाली बसली. तो जोड तिने स्वतःच उसवला, स्वतःच पुन्हा शिवला. वेळ लागला. अण्णाला राहवत नव्हतं, दोनदा त्याचा हात पुढे झाला आणि दोनदा त्याने तो मागे घेतला. बायकोने आतून जेवायला हाक मारली, तेव्हा भात अजून गरम होता.

ऐकलंत ना? मग तात्पर्यही ऐका: दुसऱ्याला काम दिलं, तर त्याची चूक त्याला दाखवा आणि त्यालाच सुधारू द्या. गुपचूप सगळं आपणच पुन्हा करत बसलो, तर आपण दमून जातो, आणि करणाऱ्यालाही ते काम आपलं वाटेनासं होतं.