गोदेच्या उतारावरचे खांब

‘खांब माझे असतील, पण खांबाखांबाशी भालेवाले उभे केलेत ते तुम्ही,’ वसुदत्त म्हणाला.

‘भालेवाले नसते तर लोकांनी तुमच्या खांबांना म्हशी बांधल्या असत्या,’ शर्वदत्त म्हणाला. ‘खांब रोवलेत आणि घरी जाऊन झोपलात. पुढचं सगळं मी निस्तरलं.’

‘भर वाटेत डोह पडला, याला निस्तरणं म्हणायचं का?’

‘डोह पाण्याने पाडला. मी काही फावडं घेऊन आत उतरलो नव्हतो.’

पूर्वी गोदावरीच्या काठी अश्मकांच्या देशात मणिवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हाची ही गोष्ट. त्याचे हे दोन अमात्य नदीच्या वाळूत, राजाच्या छत्राखाली, सकाळपासून असे भांडत होते. बोधिसत्त्व तिथेच जरा बाजूला उभे होते. त्या जन्मी ते बाईच्या देहाने आले होते. इसिला तिचं नाव. लव्हाळ्याच्या चटया विणून पोट भरणारी, केस पांढरे झालेली, कोणाचं ऐकून न घेणारी म्हातारी. सगळा गाव तिला इसिलाआजी म्हणायचा. तिचं लक्ष भांडणाकडे नव्हतं. ती पलीकडच्या काठाकडे पाहत होती.

पलीकडे तिची नात पालिता वाळूवर बसली होती. पहिलटकरीण, दिवस भरलेली. आई लहानपणीच गेली, म्हणून आजीच तिचं माहेर, आणि बाळंतपणाला ती आजीकडे निघाली होती. नवरा तिच्या डोक्यावर उपरणं धरून उभा होता. सकाळी ती ताठ बसली होती. आता एका हातावर रेलली होती आणि दुसरा हात कमरेशी होता. इसिलेने गावातली निम्मी पोरं आपल्या हातांवर घेतली होती. एवढ्या लांबूनही तिला कळलं की कळा सुरू झाल्या आहेत. त्या काठाला जवळपास वस्ती नव्हती, सुईण नव्हती, सावलीला झाडसुद्धा नव्हतं.

ती पाण्याकडे निघाली, तसा एक पोट सुटलेला शिपाई आडवा आला.

‘आजी, मागं व्हा. उतार बंद आहे. हुकूम आहे.’

‘कोणाचा?’

शिपायाने छत्राकडे पाहिलं. ‘तेच ठरतंय तिथं.’

इसिला थांबली. आणि थांबल्या जागी तिला नदी पायी ओलांडायचा तो जुना उतार आठवला, खांब यायच्या आधीचा.

गोदेचं पात्र तिथे रुंद आणि उथळ होतं. पण दर पावसाळ्यात नदी आपली वाळू हलवायची. गेल्या वर्षी गुडघाभर पाणी होतं तिथे यंदा माणूस बुडेल, आणि डोह होता तिथे पोरं वाळकांचे वेल लावतील, अशी तिची तऱ्हा. म्हणून अश्विनात पूर ओसरला की दोन्ही काठांचे लोक शेवरीच्या काठ्या तोडून आणायचे, त्यांना जुन्या लुगड्यांच्या चिंध्या बांधायचे, आणि चाचपत चाचपत उथळ वाटेवर रोवत जायचे. काठ्या कोणाच्याच नव्हत्या. उतरणारा प्रत्येक जण हातातल्या दांड्याने तळ पाहत चालायचा. एखादी काठी खोल पाण्यात गेलेली दिसली, तर तो ती उपटायचा आणि योग्य जागी लावायचा. त्यासाठी कोणाला विचारायचं नसे. फक्त एक रीत होती. ज्याने काठी हलवली, त्याने पुढच्या काठावर पोहोचून तोंड वळवायचं आणि थांबायचं. मागून कोणीतरी त्याच्या काठीवर भरवसा टाकून नीट पार झालं, की मगच त्याने आपल्या वाटेने जायचं.

किती वेळ थांबावं लागेल, याचा नेम नसे. इसिला पोरवयात एकदा काठी हलवून बसली ती दिवस कलेपर्यंत बसली होती. शेवटी एक तेली आला. पाण्यातून वर आल्यावर त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेला. तिच्या नवऱ्याशी तिची पहिली भेटही अशाच थांबण्यात झाली होती. तो पलीकडून ओरडला होता, ‘ही काठी कोणी लावली? वाकडी आहे.’ ती म्हणाली होती, ‘बुडालास तर सरळ करीन.’ त्या हाका, त्या चिंध्या, ओल्या वाळूत बसून खाल्लेली वाळकं. हे सगळं राज्य होतं कोणाचं, असा प्रश्न त्या दिवसांत कोणाला पडल्याचं तिला आठवत नव्हतं.

मग एका वर्षी एक कुंभार बुडाला. तोही वाईटच दिवस होता, ते इसिला नाकारत नसे. तेव्हा वसुदत्त अमात्य गावात आला. माणूस कनवाळू. कुंभाराच्या बायकोपाशी बसून खरंच रडला. म्हणाला, गरिबाचा जीव चिंध्या बांधलेल्या काठीवर टांगलेला का असावा? त्याची काळजी राजाने घ्यायला हवी. त्याने सागाचे जाड खांब आणवले, त्यांवर राजमुद्रा डागली आणि ते नदीत खोल ठोकले. पुन्हा कोणा येरागबाळ्याने खूण हलवू नये, म्हणून हलवणाऱ्याला दंड ठेवला. लोकांना बरं वाटलं. इसिलेनेसुद्धा पहिल्या खांबाला झेंडूची माळ घातली होती.

दोन पावसाळे गेले आणि शर्वदत्त अमात्य आला. तो वसुदत्ताला पाण्यात पाहत असे, पण खांब मात्र त्याला फार आवडले. तो म्हणाला, वाट एकच झाली आहे, तर त्या वाटेने कोण जातं तेही पाहायला हवं. परक्या मुलखातले लोक येतात. बायका पाण्यात परपुरुषाचा हात धरतात. पूर्वजांची मर्यादा राहिली नाही. त्याने खांबांशी शिपाई ठेवले. कोणी कोणाचा हात धरायचा, कोणी कधी उतरायचं, ते शिपाई सांगू लागले. वसुदत्ताने त्यालाही विरोध केला नाही, कारण खांब राखायला माणसं हवीच होती. दोघे दरबारात एकमेकांचं तोंड पाहत नसत, पण एकाने रोवलेल्या खुंट्याला दुसरा आपला दोर बांधून जायचा.

आणि लोक हातात दांडा घ्यायचं विसरले. खांब दिसत असताना तळ कोण चाचपतो?

पण वाळूतल्या जाड खांबाला पाणी अडतं, भोवरा धरतं आणि पायाशी उकरत राहतं. खांबांच्या रांगेशी, थेट राजमुद्रेखाली, डोह पडत गेला. आदल्या पंधरवड्यात एका व्यापाऱ्याची बैलजोडी गाडीसकट त्यात गेली. गाडीवान वाचला. वाचल्यावर त्याला दंडही झाला, कारण जीव वाचवताना तो खांबांची रांग सोडून पोहला होता. हे ऐकून मात्र राजा स्वतः आला होता, आणि आल्यापासून त्याच्या कानांना विसावा नव्हता.

‘खांब दुप्पट जाड करू,’ वसुदत्त म्हणत होता.

‘शिपाई दुप्पट करू,’ शर्वदत्त म्हणत होता.

पलीकडे पालिता आता आडवी झाली होती. इसिला वळली आणि सरळ छत्राखाली जाऊन उभी राहिली.

‘महाराज, माझी नात त्या काठावर अडली आहे. मला उतरू द्या.’

‘आजी, तुमच्यासारख्यांसाठीच तर मी हे सगळं केलं,’ वसुदत्त कळवळून म्हणाला.

‘बाबा, माझ्यासाठी करायचं होतं तर आधी माझ्या दारात येऊन विचारायचं होतंस. ताक तरी दिलं असतं.’

शर्वदत्त हसला. ती त्याच्याकडे वळली. ‘तू हसू नकोस. तुझ्या माणसांनी मला माझ्या सख्ख्या भावाचा हात सोडायला लावला. तो बहात्तरीचा म्हातारा. पाण्यात काय चाळे करणार होतो आम्ही?’

राजा तरुण होता आणि मनाने वाईट नव्हता. त्याला ही म्हातारी आवडली. तिला जुना उतार माहीत होता, लोक तिला मानत होते, आणि ती दोघांपैकी कोणाचीच नव्हती. त्याने हात वर केला, तसे अमात्य गप्प झाले.

‘आजी, हा उतार मी तुमच्या हाती देतो,’ तो म्हणाला. ‘हे शिपाई तुमचे. मुद्रा तुमची. तुम्ही म्हणाल तो नियम. आत्ता हो म्हणा, आत्ता उतरा.’

वसुदत्ताने मान डोलावली, कारण म्हातारी गरिबांची होती. शर्वदत्तानेही डोलावली, कारण म्हातारी जुन्या वळणाची होती. सकाळपासून दोघांचं एकमत झालं ते या एका गोष्टीवर.

मुद्रा इसिलेच्या समोर होती. हो म्हटलं की वाट मोकळी. आणि तेवढंच नाही. तिच्या डोळ्यांपुढे सगळा जुना उतार उभा राहिला. ती अश्विनात दवंडी पिटवील. प्रत्येक घराने शेवरीच्या काठ्या आणल्याच पाहिजेत. काठी हलवून जो थांबणार नाही, त्याला ती उन्हात उभा करील. हातात दांडा नसेल, त्याला पाण्यात पाय घालू देणार नाही. वर्षा-दोन वर्षांत होतं तसं सगळं होईल. चिंध्या फडफडतील, हाका येतील. तिचा हात खरोखरच जरा पुढे झाला.

पण त्या चित्रातले लोक नीट पाहिल्यावर तिला वेगळेच वाटले. ते पाण्याकडे पाहत नव्हते. ते तिच्याकडे पाहत होते. तिच्या तोंडावर राग आहे की नाही, तेवढं पाहून पाऊल टाकत होते. आणि तिच्या मागे, ती मेल्यावर मुद्रा कोणी घ्यायची यावरून, आणखी दोघे भांडत उभे होते.

तिने हात मागे घेतला.

‘घेत नाही का?’ राजाने विचारलं. ‘मग तुम्हाला उतरू कसं देऊ? आज तुम्हाला दिलं, तर उद्या प्रत्येक जण मागेल.’

तेव्हा इसिला एक वाक्य बोलली. आवाज चढवला नाही. राजाचं तोंड उतरलं. तो आसनावरून उठला आणि बाजूला झाला. तो बाजूला झाला म्हणून अमात्य बाजूला झाले, आणि अमात्य झाले म्हणून शिपाई.

पण तिच्या हातात दांडा नव्हता. आख्ख्या काठावर कोणाच्याच हातात नव्हता. शेवटी त्या पोट सुटलेल्या शिपायाने आपला भाला उलटा करून तिच्यापुढे धरला. ‘घ्या आजी. माझी आई पलीकडचीच.’

उथळ वाट कुठे आहे ते इसिलेला माहीत नव्हतं. कितीतरी वर्षं तिने तळाला दांडा लावला नव्हता. ती खांबांपासून लांब, वरच्या अंगाला गेली आणि भाल्याचा दांडा टेकवत पाण्यात शिरली. गुडघा. मांडी. एकदा दांडा हातभर खाली गेला, ती डगमगली, काठावर बायका ओरडल्या. ती मागे आली, डावीकडे चाचपलं, वाळू लागली. मग कंबर, मग पुन्हा गुडघा. वाट सापडली तिथे तिने भाला पाण्यात रोवला, अंगावरच्या पदराची पट्टी फाडून त्याला बांधली, आणि उरलेलं पाणी पायांनीच चाचपत काठाला लागली.

आणि नात समोर कण्हत असतानाही तिने आधी तोंड वळवलं. तिला फार थांबावं लागलं नाही. शिपाई उतरलाच होता, आणि त्याच्या मागे बायका, कोणी कोणाचा हात धरील तसा. छत्राचे बांबूसुद्धा कोणीतरी सोडवून आणून वाटेवर रोवले होते. वसुदत्तही उतरला. मध्येच त्याला एक बांबू चुकीचा वाटला, म्हणून त्याने तो हलवला. पलीकडे लागून तो निघणार, तेवढ्यात कुंभाराची विधवा पाण्यातूनच म्हणाली, ‘थांबा, बाबा. माझं उतरून होईपर्यंत थांबायचं असतं.’ तो ओल्या धोतराने, तिच्या पावलांकडे श्वास धरून पाहत, उभा राहिला. अलीकडच्या काठावर राहिलेल्या शर्वदत्ताने कोणाचा हात सोडवला नाही. पालितेला त्याच वाळूवर, चार लुगड्यांच्या आडोशाला, मुलगी झाली. खांब पुढे काही राजाने काढवले, काही नदीनेच नेले.

पुढे कितीतरी जन्मांनी, जेवणाच्या पंगती कोणी लावायच्या, यावरून विहारात दोन भिक्षूंचं भांडण पेटलं होतं आणि संघ उपाशी खोळंबला होता, तेव्हा संघाच्या गुरूंनी, शास्त्यांनी, ही कथा सांगितली. ती सांगून झाल्यावर ते म्हणाले, ‘त्या वेळचे दोन अमात्य म्हणजे हेच दोन भिक्षू. एकाला सर्वांचं पोट भरायचं होतं, दुसऱ्याला सर्वांची शिस्त राखायची होती, आणि आजही तेच चाललं आहे. राजा म्हणजे ज्यांच्याकडे हे दोघे तक्रार घेऊन गेले, ते आपले वृद्ध स्थविर. शिपाई म्हणजे आजचा आचारी. पालिता म्हणजे त्या कोपऱ्यात बसलेली भिक्षुणी सुमेधिका. आणि इसिला मीच होतो. हातात आलेलं, आणि चांगल्या कामासाठी आलेलंसुद्धा, सोडून देणं, ही नैष्क्रम्य पारमिता मी त्या जन्मी त्या वाळूत पुरी केली.’

सगळे हात जोडून उठू लागले. सुमेधिका मात्र बसून राहिली. ती म्हणाली, ‘भगवन, मी तर पलीकडच्या काठावर होते. आजी राजाला काय म्हणाली, ते मला त्याही वेळी ऐकू आलं नाही.’

शास्त्यांनी तिच्याकडे पाहिलं, जणू ते पाणी अजून समोर होतं. मग ते म्हणाले, ‘ती म्हणाली: महाराज, तुम्ही सगळे माझ्या भल्यासाठीच भांडता आहात हे मी खरं मानते, पण नात माझी पलीकडे आहे, मी अलीकडे आहे, आणि आमच्या दोघींच्या मधे सकाळपासून नदी नाही, तुम्ही उभे आहात.’