रानजाईची बिनवाटेची तळी

घोणसडीच्या डोंगरमाथ्यावर एकाखाली एक अशी तीन तळी आहेत. भर वैशाखातही त्यांत नितळ पाणी असतं, पण तिथवर जायला वाट नाही. खालच्या वाडीत कुणी पाहुणा वाट विचारू लागला की दुंदाबाबा त्याला ओट्यावर बसवतात आणि बुधाबाईची हकीकत सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, एका पावसाळ्यात वर दरड कोसळली आणि वाडीचा झरा आटत गेला. चैत्र सरेतो खडक नुसता ओलसर राहिला. गुरं मेली. शेवटी ठरलं, एक दिवस आवराआवर करायची आणि दुसऱ्या पहाटे वाडी सोडायची. बुधाबाईची सासू ठमाबाई अंथरुणाला खिळलेली. तिला घेऊन घाट कोण उतरणार? म्हातारी स्वतःच म्हणाली, "मला राहू दे गं इथंच. तू जा."

नवरा गेल्यावर याच म्हातारीने बुधाबाईला पोटच्या पोरीसारखं जपलं होतं. रोज सांजेला बगळ्यांची रांग माथ्याकडे जाताना बुधाबाई बघत होती. पाण्याशिवाय बगळे कशाला जातील?

उजाडताच ती कमरेला कोयता खोचून निघाली, तर वाडीचा कारभारी आडवा आला. "रानजाई देवीचं ठाणं हाय ते. वर गेलेलं माणूस माघारी आलं न्हाई."

"उद्या तुमी म्हातारीला टाकून जाणारच," ती म्हणाली. "आजचा दिस माझा हाय."

पायथ्याशी तिने हात जोडले. "आई, पाणी दाव. तुझ्या दारात मी वाट पाडणार न्हाई, अन् म्हातारीच्या आधी थेंब तोंडात घेणार न्हाई."

कारवीचं रान तिने हातांनी बाजूला सारलं. कोयता एकदाही उपसला नाही. कड्याला बोटं रुतवत, घसरत, पुन्हा चढत ती दुपारी माथ्यावर पोचली. समोर तीन तळी! ओठ फुटले होते, जीभ टाळूला चिकटली होती. ती पाण्यापाशी वाकली, बोटं बुडवली आणि तशीच उठली.

खालच्या तळ्याच्या काठाला एक खाच होती. दरडीच्या दगडमातीने ती बुजली होती आणि पाणी मागे तुंबलं होतं. बुधाबाई कोयत्याने चिखल उकरू लागली, दगड ओढू लागली. नखं उखडली. शेवटचा धोंडा मात्र हलेना. उन्हं कलली तरी ती खांदा लावून रेटत राहिली. असं सांगतात, की मग पलीकडून कुणी हात लावावा तसा तो धोंडा अलगद सुटला आणि पाणी कड्यावरून झेपावलं.

चढताना खूण ठेवली नव्हती, म्हणून पाण्याचा आवाज धरून ती उतरली. दिवस मावळता मावळता झऱ्याशी आली, तेव्हा सारी वाडी तिथे लोटली होती. कारभाऱ्याने भरला तांब्या पुढे केला. तो घेऊन ती थेट झोपडीत शिरली.

"आधी तू पी, पोरी," म्हातारी म्हणाली.

"न्हाई. बोललेय मी तिला."

ठमाबाई दोन घोट प्यायली. मग तिनेच तांब्या सुनेच्या ओठांना लावला.

आजही वैशाखात वाडीतली एक बाई एकटीच वर जाते, दरवर्षी नव्या बाजूने, फांदीही न मोडता. खाचेतला गाळ काढते आणि कोरड्या घशाने उतरते. झऱ्याशी वाडीतली सर्वांत म्हातारी बाई तांब्या धरून बसलेली असते. आधी तिने घोट घ्यायचा, मग खाली आलेलीने. तोवर वाडीत कुणी पाणी पीत नाही.