मणीवाली पिटू आणि कपाटाखालचं टिपरू

"तिला कशाला मांडायचं? राहू दे खोक्यात!"

सुभेदार मिशाळे हळूच म्हणाले. पण सुभेदारांचं हळूच म्हणजे अख्ख्या कपाटाला ऐकू जाईल असं.

"हातात टिपरू नाही. आणि म्हणे ढोलवाली!" भालेवाला म्हणाला.

"वेणीला मणी बघा! फौजेत कुणी मणी लावतं का?" घोडेस्वार म्हणाला. त्याचा घोडासुद्धा हसला. खिं खिं खिं!

पाठीमागेच उभी होती पिटू. तिने सगळं ऐकलं. तिने वेणी हळूच पाठीमागे सारली.

पिटू म्हणजे लाकडाची ढोलवाली. बोटाच्या पेराएवढी. गळ्यात ढोल. दोऱ्याची वेणी. वेणीच्या टोकाला लाल लाल मणी. नवी काकू लग्न होऊन या घरात आली, तिच्या ट्रंकेत बसून पिटूही आली. बाकीचे शिपाई काकाचे. लहानपणापासून जमवलेले. काचेच्या कपाटात, अगदी ओळीत.

आज घरात होती चैत्रगौर. संध्याकाळी हळदीकुंकू. पाटावर पाट ठेवून पायऱ्या केल्या होत्या. पायऱ्यांवर लाल कापड. आणि लाल कापडावर मांडायचे शिपाई!

पण सकाळी काय झालं? काकूने कपाट पुसलं. फडकं पिटूला लागलं. हातातलं टिपरू सुटलं. टिपरू म्हणजे ढोल वाजवायची काठी बरं का!

गड गड गड... टप्प!

टिपरू गेलं कपाटाखाली.

आता दुपार झाली. घरातली माणसं आडवी झाली. काकूही झोपली. सुभेदारांनी मिशा सारख्या केल्या आणि हुकूम सोडला,

"काकू उठायच्या आत पायरीवर उभं राहायचं! ज्याचं सामान त्याच्या हातात! जो पायरीवर नाही, तो खोक्यात!"

खोकं कोपऱ्यात बसलं होतं. आ वासून.

पिटू कपाटातून उतरली. टक टुक, टक टुक. लाकडाचे पाय, टक टुक, टक टुक.

दाराआड उभी होती केरसुणी.

पिटू अगदी हळू म्हणाली,

"केरसुणीमावशी, केरसुणीमावशी, कपाटाखाली फिर ना! टिपरू निघत नाही, ढोल वाजत नाही, पिटूला पायरी नाही!"

केरसुणी म्हणाली, "अगं, माझी गाठ सुटलीय. काड्या बघ कशा पसरल्यात! आधी दोरीला बोलाव. दोरी आली तर मी फिरेन. नाही तर मुळीच नाही!"

पिटू निघाली. टक टुक, टक टुक.

खुंटीवर लटकली होती दोरी.

"दोरीताई, दोरीताई, खाली ये ना! केरसुणी फिरत नाही, टिपरू निघत नाही, ढोल वाजत नाही, पिटूला पायरी नाही!"

दोरी म्हणाली, "येऊ कशी? खुंटीला गाठ बसलीय, घट्ट घट्ट! आधी उंदराला बोलाव. उंदीर आला तर मी सुटेन. नाही तर मुळीच नाही!"

पिटू निघाली. टक टुक, टक टुक.

तांदळाच्या डब्यामागे बसला होता उंदीर.

"उंदीरमामा, उंदीरमामा, गाठ कुरतड ना! दोरी सुटत नाही, केरसुणी फिरत नाही, टिपरू निघत नाही, ढोल वाजत नाही, पिटूला पायरी नाही!"

उंदीर म्हणाला, "पोटात कावळे ओरडतायत गं माझ्या! हा डबा काही उघडत नाही. आधी डाळीला बोलाव. डाळ मिळाली तर मी येईन. नाही तर मुळीच नाही!"

पिटू निघाली. टक टुक, टक टुक.

पातेल्यात भिजत होती हरभऱ्याची डाळ. संध्याकाळच्या कैरीच्या डाळीसाठी. आतून आवाज येत होता, बुडुक बुडुक.

पिटूने पातेल्यापाशी तोंड नेलं. आता जरा मोठ्याने बोलायला हवं.

"डाळताई, डाळताई, दोन दाणे दे ना! उंदीर येत नाही, दोरी सुटत नाही, केरसुणी फिरत नाही, टिपरू निघत नाही, ढोल वाजत नाही, पिटूला पायरी नाही!"

डाळ म्हणाली, "बुडुक! देऊ कशी? बुडुक! डोक्यावर झाकण आहे. आधी झाकणाला उठव. झाकण उठलं तर मी मिळेन. नाही तर मुळीच नाही! बुडुक!"

पिटू वर चढली. टक टुक, टक टुक.

पातेल्यावर पसरलं होतं झाकण. गोल गोल, गरगरीत.

"झाकणदादा, झाकणदादा, ऊठ ना! डाळ मिळत नाही, उंदीर येत नाही, दोरी सुटत नाही, केरसुणी फिरत नाही, टिपरू निघत नाही, ढोल वाजत नाही, पिटूला पायरी नाही!"

झाकण म्हणालं, "उठू कसा? पोटावर कैरी बसलीय, हत्तीणच जशी! आधी कैरीला उतरव. कैरी उतरली तर मी उठेन. नाही तर मुळीच नाही!"

कैरी म्हणाली, "हत्तीण कोण रे? ऐकलं हं मी!"

पिटू कैरीजवळ गेली. कैरी हिरवीगार. तोंड आंबट.

"कैरीआत्या, कैरीआत्या, खाली उतर ना! झाकण उठत नाही, डाळ मिळत नाही, उंदीर येत नाही, दोरी सुटत नाही, केरसुणी फिरत नाही, टिपरू निघत नाही, ढोल वाजत नाही, पिटूला पायरी नाही!"

कैरी म्हणाली, "सकाळपासून एका जागी बसलेय. कंटाळा आला बाई! ढोल ऐकवशील? ढोल वाजला तर मी उतरेन. नाचत नाचत उतरेन! नाही तर मुळीच नाही!"

अगंबाई! आता?

ढोल वाजायला हवं टिपरू. टिपरू निघायला हवी केरसुणी. केरसुणीला हवी दोरी. दोरीला हवा उंदीर. उंदराला हवी डाळ. डाळ मिळायला उठायला हवं झाकण. झाकणावर बसलीय कैरी. आणि कैरीला हवा ढोल!

फिरून फिरून पिटू आली तिथेच.

पिटू मटकन खाली बसली. तिकडे पायऱ्यांजवळ आवाज चालले होते, "डावा! नाही, उजवा! अहो, माझा पाय!" शिपाई पायऱ्या चढायला निघाले होते. पिटूला वाटलं, सगळे पोचणार. मी एकटी खोक्यात.

तिने मान खाली घातली.

वेणी पुढे आली.

मणी ढोलावर आपटला.

डुम!

"अय्या!" कैरी म्हणाली. "वाजला की!"

पिटूने वर बघितलं. पुन्हा मान हलवली. वेणी झुलली.

डुम!

पिटू उठली. मान इकडे, मणी तिकडे. मान तिकडे, मणी इकडे.

डुम डुम! डुम डुम! डुमाडुम डुम!

कैरी हलली. कैरी डुलली. कैरी नाचली. कैरी घरंगळली. गडगड गडगड, धप्प!

कैरी उतरली, झाकण उठलं. "हुश्श!" झाकण म्हणालं. खणणण!

झाकण उठलं, डाळ मिळाली. दोन दाणे, टपोरे टपोरे!

डाळ मिळाली, उंदीर आला. "एक मला, एक उंदीरमामीला," म्हणत आला. मामीचा दाणाही वाटेत खाऊन आला. मग कुर्रम कुर्रम, कुर्रम कुर्रम!

उंदीर आला, दोरी सुटली. सुळ्ळकन खाली!

दोरी सुटली, केरसुणीला बसली. गर गर गर, एक वेढा, दोन वेढे, तीन वेढे!

केरसुणी फिरली. सर्र सर्र, सर्र सर्र. कपाटाखालून काय निघालं? धुळीचा गोळा निघाला. शर्टाचं बटण निघालं. आणि मग?

टिपरू निघालं!

पिटूने टिपरू उचललं. फूं! धूळ उडवली. आणि पळाली. टक टुक टक टुक टक टुक टक टुक!

पायऱ्यांपाशी येऊन बघते तर काय!

पायरीवर एकही शिपाई नाही. सगळ्यांचा झाला होता ढीग! कुणी डावा पाय आधी टाकला, कुणी उजवा. धाडकन आपटले एकमेकांवर. भालेवाल्याचा भाला घोड्याच्या शेपटीत. घोडा सुभेदारांच्या पोटावर. सुभेदारांची एक मिशी वर, एक खाली.

"पुन्हा चढा!" सुभेदार ओरडले.

पुन्हा चढले. धाड धुड धडाम!

पुन्हा ढीग.

तेवढ्यात आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या. किण किण. काकू कूस बदलत होती! आता उठणार! कोपऱ्यातल्या खोक्याने आ आणखी मोठा केला.

सुभेदारांना घाम फुटला. लाकडाला घाम! तेवढ्यात त्यांना पिटू दिसली. पहिल्या पायरीवर उभी. गळ्यात ढोल, हातात टिपरू.

सुभेदार खाकरले. घोड्याखालून जमेल तेवढ्या रुबाबात म्हणाले,

"ए पोरी... म्हणजे... अहो ढोलवाल्या बाई... तेवढा ठेका धरता का? म्हणजे आमचे पाय एकदम पडतील."

पिटूने गळ्यातला ढोल सारखा केला.

"धरा ना हो!" भालेवाला म्हणाला.

"धरा, धरा!" घोडेस्वार म्हणाला. घोडा काहीच म्हणाला नाही. त्याची शेपटी अडकली होती.

किण किण! आतून पुन्हा बांगड्या.

"फक्त काय आहे," सुभेदार हळूच म्हणाले, "तेवढा तो मणी काढून ठेवा. फौजेत बरं दिसत नाही."

पिटूने टिपरू वर धरलं. वेणी खांद्यावरून पुढे घेतली. लाल मणी ढोलाच्या काठावर टेकवला. आणि आज पहिल्यांदाच, सगळ्या फौजेला ऐकू जाईल असं, ती खणखणीत बोलली,

"धरते की, सुभेदारकाका! टिपराने डुम म्हटलं की डावा पाय, मण्याने टिक म्हटलं की उजवा. चला, उठा सगळे! आणि मणी? मणी राहणार!"