तीन ठिपक्यांचा ड्रम

“पण त्याच्यावर तीन ठिपके आहेत का?” रघुवीरने विचारलं.

दस्तगीर मिस्त्री स्टुलावरून उठलेसुद्धा नव्हते. त्यांनी फक्त दाराकडे बोट केलं होतं. दारावरच्या लोखंडी तुळईला, साखळीच्या आकड्यात, मोटारीचा एक जुना ब्रेक ड्रम टांगलेला होता.

“उतरवून बघा की,” मिस्त्री म्हणाले. “मी कशाला सांगू?”

कोल्हापूरच्या उद्यमनगरात हा ड्रम सगळ्यांच्या ओळखीचा. रोज साडेबाराला मिस्त्री त्याच्यावर पाना हाणत आणि आजूबाजूची सगळी लेथ मशिनं थांबत, जेवणाचे डबे उघडत. पण ही घंटा मुळात कुठल्या मोटारीची, हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणाला पडला नव्हता.

रघुवीर खर्डेकरला तो पडला. त्याला असलेच प्रश्न पडत. त्याच्या घरी १९४९ सालची विलायती मोटार होती. घरात तिला नुसतं ‘काळी’ म्हणत. जुन्या गाड्यांच्या मंडळात रघुवीरचा शब्द शेवटचा. कुठला स्क्रू कुठल्या सालचा हे तो सांगत असे, आणि कुणी न विचारताच सांगत असे.

त्याने ड्रम उतरवला, पालथा केला, आत टॉर्च मारली. मग खिशातून कॅलिपर काढून ड्रमच्या भिंतीची जाडी मोजली.

“नाही,” तो म्हणाला. “आकार आमच्याच गाडीचा आहे, पण ठिपके नाहीत. भिंतही एक सूत पातळ आहे. हा डुप्लिकेट आहे, मिस्त्री. तुम्हाला कुणीतरी गंडवलंय.”

मिस्त्री गालातल्या गालात हसले. वय ऐंशीच्या घरात, दात मोजकेच राहिलेले.

“असंल,” ते म्हणाले. “चहा घेतासा?”

रघुवीरने मान हलवली. त्याचं चहाकडे लक्ष नव्हतं. त्याने पिशवीतून एक जाड वही काढली होती.

“सात ड्रम परत पाठवले मी. मुंबईच्या भंगारबाजारातले तीन, कोईमतूरचे दोन, कलकत्त्याचा एक. सातवा तर थेट इंग्लंडहून आला होता. सगळ्यांनी ओरिजिनल म्हणून दिले. एकावरही ठिपके नाहीत. सगळे एक सूत पातळ.”

“म्हंजे सातही जणांनी फसवलं?”

“सातही जणांनी.”

“…आणि सगळ्यांनी एकसारखंच फसवलं?”

रघुवीर जरा अडखळला. “टोळीच असते यांची,” तो म्हणाला.

चहा आला. दोघांनी तो प्यायला.

“गाडी कवापासनं हुबी हाय?”

“दोन वर्षं झाली.”

“मग घाई न्हाई म्हणा.”

हे मात्र रघुवीरला लागलं. त्याने वही मिटली. इतका वेळ ताठ असलेला त्याचा आवाज खाली आला.

“घाई आहे, मिस्त्री. फार घाई आहे. वडिलांना काचबिंदू आहे. एक डोळा मागच्या वर्षी गेला. दुसऱ्याचं डॉक्टर म्हणतात, चार-सहा महिने… फार तर. त्यांना एकदा फोंडा घाट उतरायचाय. तिसऱ्या वळणावर थांबून खाली बघायचंय. दिसतंय तोवर.”

“मग दुसऱ्या गाडीनं न्या.”

“म्हटलं मी. म्हणाले, तू जा तुझ्या गाडीनं, मला काळीत बसायचंय.”

मिस्त्रींचा हात कानावरच्या विडीशी गेला, पण त्यांनी ती काढली नाही.

“तुमचा ड्रम आणलायसा?”

रघुवीरने पिशवीतून दुसरा ड्रम काढला. फडक्यात गुंडाळलेला, एखाद्या तान्ह्या मुलासारखा. काळीच्या मागच्या चाकाचा हा ड्रम, हाच त्याचा नमुना. याच्याशी ताडून त्याने सात ड्रम परत पाठवले होते.

मिस्त्रींनी तो एका बोटावर तोलला आणि दुसऱ्या हाताने पान्याचा हलका टोला दिला.

भद्द, असा आवाज आला.

“चीर गेलीया.”

“माहीत आहे. म्हणून तर हिंडतोय.”

मग मिस्त्रींनी डोळे मिटले आणि अंगठा ड्रमच्या आत घातला. अंगठा थोडा फिरला, एका जागी थांबला, तिथेच मागे-पुढे झाला.

“ते ठिपके,” रघुवीरने समजावून सांगितलं. “कारखान्याची तपासणीची खूण आहे ती. तिसरा ठिपका जरा डावीकडे सरकलेला आहे, लक्षात आलं ना? तेच तर अस्सलपणाचं लक्षण. मी मंडळाच्या अंकात लेख लिहिलाय त्यावर.”

“वडिलांचं नाव काय म्हणालासा?”

“बळवंतराव खर्डेकर. डॉक्टर होते. महिन्यातून दोनदा घाट उतरून खाली कोकणात पेशंट बघायला जायचे.”

मिस्त्रींनी डोळे उघडले.

“डॉक्टरांचा पोरगा व्हय तू!”

त्या ‘तू’ने रघुवीर चमकला. पन्नाशी उलटल्यापासून त्याला घराबाहेर कुणी अशी हाक मारली नव्हती. राग यायला हवा होता. आला नाही.

मिस्त्री उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. कपाटातून त्यांनी लोखंडावर खूण करायचा पंच काढला, हातोडी घेतली. भंगारातला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक तुकडा ऐरणीवर ठेवला.

टक्… टक्…

तिसऱ्या टोल्याला त्यांचं मनगट किंचित वळलं.

टक्.

त्यांनी तुकडा फुंकून साफ केला आणि रघुवीरच्या हातात दिला.

तीन ठिपके होते. तिसरा जरा डावीकडे.

रघुवीरने ड्रम उचलला. तुकडा ड्रमच्या आतल्या खुणेशी नेला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग टॉर्च लावून पाहिलं. मग टॉर्च बंद केली.

“लहानपणी मनगट मोडलेलं,” मिस्त्री म्हणाले. “तवापासनं तिसरा ठोका सरकतोय.”

रघुवीर तिथल्या लाकडी खोक्यावर बसला. खोक्याला ग्रीस होतं आणि त्याची पँट पांढरी होती, पण त्याच्या ते ध्यानात आलं नाही.

“घाटातनं येताना गाडीचा मागचा ड्रम तापून फुटलेला,” मिस्त्री सांगू लागले. “डॉक्टर बैलं जुंपून गाडी इथवर घेऊन आले. म्हणाले, दस्तगीर, कंपनीचा ड्रम सपाटीवरचा हाय, त्येला आपला घाट सोसंना. मला घाटाचा करून दे. मग एक सूत जाड वतला. एक न्हाई, मागच्या दोन चाकांचं दोन. बावीस वर्षांचा होतो. माझं पयलं काम.”

“आणि कंपनीचे?”

“एक फुटलेलाच होता, भट्टीत गेला. दुसरा…”

मिस्त्रींनी घंटेच्या ड्रमकडे नुसतं पाहिलं.

बाहेरच्या लेथ मशिनांचा आवाज चालू होता. रघुवीरच्या डोळ्यांपुढे ते सात ड्रम आले. खोकी बांधून, वर चार चार पानी रागाची पत्रं लिहून परत पाठवलेले. सातही खरे होते. आणि त्या दोन वर्षांत अण्णांचा एक डोळा गेला होता. त्याला एकदम लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

“वडलांना कवा इचारलं न्हाईस?”

“विचारलं होतं. अण्णा, ब्रेक ड्रम ओरिजिनल आहेत ना?”

“मग?”

“म्हणाले, गाडी थांबते.”

मिस्त्री मोठ्याने हसले. रघुवीरलाही हसू आलं.

तरी सवय कुठे जाते! थोड्या वेळाने त्याची नजर त्या घंटेच्या ड्रमकडे वळलीच. काळीचा स्वतःचा ड्रम. कारखान्यातून तिच्याबरोबर आलेला, पन्नासाहून अधिक वर्षं ह्या दारात टांगलेला. बाहेरून पान्याच्या टोल्यांच्या खुणा होत्या, पण कुठेही चीर नव्हती. त्याने तो दोन्ही हातांनी मांडीवर घेतला.

“मिस्त्री… मग हाच द्याल मला?”

“घे की. गाडी तुझी, ड्रम बी तुझाच.”

रघुवीरचा चेहरा उजळला. मिस्त्री पंच पुसून कपाटात ठेवत होते. पाठमोरेच म्हणाले,

“घाटात फुटला, त्यो ह्येचाच जोडीदार.”

रघुवीरने मांडीवरच्या ड्रमकडे पाहिलं.

“शनवारी भट्टी लागती,” मिस्त्री कपाट लावून वळले. “तुझा नमुना ठिवून जा. मंगळवारपातूर जोडी घासून तयार करतो. हात कापतोय आता, पर होतंय.”

रघुवीरच्या एका मांडीवर चीर गेलेला ड्रम होता, दुसऱ्या मांडीवर अखंड. त्याचा हात पुन्हा पुन्हा दुसऱ्याकडेच जात होता.

मिस्त्रींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“साडेबारा झालं की रं. माणसं उपाशी हायती.”

…

रघुवीर उठला. चीर गेलेला ड्रम त्याने मिस्त्रींच्या स्टुलावर ठेवला. दुसरा दाराशी नेला, टाचा उंचावल्या आणि साखळीच्या आकड्यात अडकवला. एकदा नीट बसला नाही. दुसऱ्यांदा बसला.

मिस्त्रींनी पाना त्याच्या हातात दिला.

रघुवीरने टोला मारला. खणखणीत आवाज घुमला. एकेक करून लेथ मशिनं थांबली आणि सगळ्या गल्लीत शांतता झाली.

“चाचा,” तो हळूच म्हणाला. मिस्त्रींना त्याने पहिल्यांदाच चाचा म्हटलं. “एवढंच सांगा. ह्यातला अस्सल कुठला म्हणायचा? हा, की तुमचा?”

मिस्त्रींनी डबा उघडला. एक भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढे धरली.

“अस्सल म्हंशील तर घाटाचा उतार.”