फाटक्या कानाची घूस

फार जुनी गोष्ट आहे, एका डोंगराच्या तीन बाजूंना तीन राज्यं होती तेव्हाची. एकात वाघ राजा, दुसऱ्यात अस्वल, तिसऱ्यात हत्ती. डोंगराच्या पोटात काळं तेल होतं आणि प्रत्येक राज्यात ते उकरून काढणारी एक घूस होती.

एकदा वाघाची घूस म्हणाली, "महाराज, खोदणं परवडत नाही हो! अस्वलमहाराज तिकडच्या घुशीला रोज दहा लाडू देतात म्हणे. मी आपली तिकडेच जाते."

"अगं, थांब!" वाघ घाबरला. "मी बारा देतो!"

प्रजेच्या ताटातले लाडू उचलून घुशीला दिले गेले. दुसऱ्या दिवशी अस्वलाची घूस रडत आली, "वाघमहाराज बारा देतात!" अस्वलानं पंधरा केले. हत्तीनं तर ऐटीत वीस केले. प्रजा चुरमुऱ्यांवर आली. तेल मात्र पूर्वीइतकंच.

पुढे तिन्ही राजे एका पंगतीला बसले. वाघ म्हणाला, "आमची घूस फार गुणी. डावा कान तेवढा फाटका आहे."

"आमच्याही घुशीचा!" अस्वल ओरडलं. हत्तीचा घास सोंडेतच राहिला.

तिघं डोंगराकडे धावत सुटले. पाहतात तर बिळाला तीन तोंडं आणि आत एकच घूस! लाडू खाऊन टम्म फुगलेली.

"चोरटे, बाहेर ये!"

"येते की," घूस आतून म्हणाली, "जो जास्त लाडू देईल, त्याच्या बाजूनं येते."

मग हत्तीनं हळूच सोंड वर केली.

"पंचवीस."